दिसण्याआधीचा काळ : कर्करोगाची वाढ, प्रतिमा आणि गणित

इतिहासाच्या अभ्यासकाला पुराव्यांच्या दुर्भिक्षाची सवय असते. आपल्या वाशिमचेच उदाहरण घ्यावे. प्राचीन वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशिम ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती, हे आज शाळेतला विद्यार्थीही सांगू शकतो. परंतु १९३९ मध्ये दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वाशिम येथे उजेडात येईपर्यंत ही शाखा स्वतंत्रपणे ओळखली गेलेली नव्हती. या ताम्रपटामुळे अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या शिलालेखाकडेही नव्या दृष्टीने पाहणे भाग पडले आणि वा. वि. मिराशी यांनी त्यातील वंशावळ पुन्हा तपासली. दोन पुरावे, त्यांच्यामध्ये सुमारे एका शतकाचे अंतर आणि त्या अंतरातला न दिसणारा काळ तर्काच्या शिस्तीने उभा करण्याचे परिश्रम, हेच इतिहासलेखनाचे स्वरूप होय.

याच स्वरूपाचे एक काम आज जगभरातील प्रयोगशाळांत चालू आहे. तेथे पुरावा असतो तो रुग्णाच्या शरीराच्या दोन-तीन प्रतिमांचा, आणि उभा करावयाचा असतो तो कर्करोगाच्या गाठीचा इतिहास : ती केव्हा सुरू झाली, कोणत्या वेगाने वाढली आणि पुढे कोठवर पोहोचेल. वैद्यकीय प्रतिमाशास्त्र आणि कर्करोगाच्या वाढीचे गणिती प्रारूप असे या अभ्यासक्षेत्राचे नाव सांगता येईल. पीएच.डी. झालेले तरुण पुढील काही वर्षे या विषयावर संशोधन करतात. आपल्या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना या विषयाची ओळख करून द्यावी, तसेच त्याचा आपल्या समाजाशी कोणता संबंध आहे हे सांगावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तीस दुपटींचा अंधार

प्रथम गाठीची वाढ समजून घेऊ. कर्करोगाची सुरुवात एका बिघडलेल्या पेशीपासून होते. एकीच्या दोन, दोहोंच्या चार, चारांच्या आठ अशा पेशी दुप्पट होत जातात. हा हिशेब विद्यार्थ्यांनी वहीवर करून पाहावा. दहा दुपटींनंतर पेशींची संख्या १,०२४ होते. वीस दुपटींनंतर ती १० लाख ४८ हजारांच्या पुढे जाते. परंतु एवढ्या पेशींची गाठ जेमतेम एक मिलिमीटरची, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही लहान असते. तीस दुपटींनंतर संख्या १०७ कोटींवर जाते आणि तेव्हा कोठे सुमारे एक सेंटिमीटरची, वजनाने एक ग्रॅमच्या आसपासची गाठ तयार होते. बहुधा याच सुमारास ती हाताला लागते किंवा तपासणीत स्पष्ट दिसते. यानंतर केवळ दहा दुपटी झाल्या की पेशींची संख्या एक लाख कोटींच्या वर जाते आणि गाठीचे वजन किलोच्या घरात पोहोचते. शरीर सहसा तोवर तग धरत नाही.

चाळीस दुपटींपैकी तीस दुपटी अंधारात होतात, हा या हिशेबाचा अर्थ आहे. एका दुपटीस शंभर दिवस लागतात असे क्षणभर धरले, तर तीस दुपटींना तीन हजार दिवस, म्हणजे आठ वर्षांहून अधिक काळ लागेल. ज्या दिवशी घरच्यांना वाटते की आजार आज सुरू झाला, त्या दिवशी त्याचा तीन चतुर्थांश इतिहास घडून गेलेला असतो.

प्रत्यक्षात हा वेग सर्वकाळ सारखा राहत नाही. गाठ मोठी होऊ लागली की आतील पेशींना रक्त आणि प्राणवायू कमी पडतो, काही पेशी मरतात आणि वाढ मंदावते. वाढीच्या या मंदावत्या रेषेसाठी वापरले जाणारे प्रसिद्ध समीकरण बेंजामिन गोम्पर्ट्झ यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी ते १८२५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले ते माणसांच्या मृत्युमानासाठी, विम्याच्या हिशेबाकरिता. गोम्पर्ट्झ ज्यू होते आणि त्या काळी ज्यूंना विद्यापीठाची दारे बंद होती. त्यांनी गणिताचा सारा अभ्यास स्वतःच्या बळावर केला. पुढे १९६४ मध्ये ॲना लेअर्ड या संशोधिकेने हेच समीकरण गाठींच्या वाढीला लागू पडते हे दाखविले. ज्याला जन्मामुळे विद्यापीठाने नाकारले, त्याच्या समीकरणावर आज विद्यापीठांतून कर्करोगाचा अभ्यास होतो. आपल्या विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

शरीराच्या आत पाहण्याची साधने

गणिताला पुरावा लागतो आणि तो प्रतिमांकडून मिळतो. १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये विल्हेल्म रॉंटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि शस्त्र न लावता शरीराच्या आत पाहणे प्रथमच शक्य झाले. मात्र क्ष-किरणांच्या साध्या चित्रात पुढचे-मागचे सारे अवयव एकावर एक पडतात. वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या अनेक मोजमापांवरून गणिताने शरीराचा आडवा छेद उभा करणे म्हणजे सीटी स्कॅन. १९७१ मध्ये लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचे असे स्कॅनिंग झाले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉरमॅक यांना यासाठी १९७९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दोघांपैकी एकानेही वैद्यकाची पदवी घेतलेली नव्हती. एक अभियंता होते, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ.

एमआरआय यंत्र क्ष-किरण वापरत नाही. आपल्या शरीरात पाणी विपुल आहे आणि पाण्यात हायड्रोजन आहे. प्रबळ चुंबकाच्या क्षेत्रात हायड्रोजनची अणुकेंद्रे रेडिओ लहरींना जो प्रतिसाद देतात, त्यावरून हे चित्र तयार होते. मेंदूसारख्या मऊ भागांतील फरक त्यात चांगला दिसतो. पेट स्कॅनची रीत आणखी निराळी आहे. कर्कपेशी साखर अधिक खातात, म्हणून साखरेसारख्या द्रव्याला किरणोत्सारी फ्लोरिन जोडून ते शिरेतून दिले जाते आणि ते जेथे साचते ती जागा चित्रात उजळते. हे फ्लोरिन दर ११० मिनिटांनी निम्मे उरते. ते साठवून ठेवता येत नाही. बनवायचे, वाहून न्यायचे आणि त्याच दिवशी वापरायचे. अशा तपासण्या मोठ्या शहरांच्या आसपास एकवटण्यामागे पैशाइतकेच हेही कारण आहे.

दोन चित्रांवरून वेग

येथून संशोधकाचे खरे काम सुरू होते. समजा, एका रुग्णाच्या फुप्फुसातील गाठ पहिल्या स्कॅनमध्ये १० मिलिमीटर व्यासाची होती आणि तीन महिन्यांनंतर ती १२.६ मिलिमीटर झाली. अहवाल वाचणाऱ्या घरच्या माणसाला वाटेल, अडीच मिलिमीटरचाच तर फरक आहे. परंतु घनफळ व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते आणि १.२६ चा घन म्हणजे जवळजवळ दोन. याचा अर्थ तीन महिन्यांत गाठ दुप्पट झाली. हे केवळ दोन चित्रांमुळे कळले. एका चित्रावरून आकार कळतो, वेग कळत नाही.

हे काम ऐकायला सोपे असले तरी त्याची प्रत्येक पायरी कष्टाची असते. दोन्ही वेळचे छेद एकमेकांवर अचूक बसवावे लागतात, कारण रुग्ण दोन्ही वेळा अगदी तसाच झोपलेला नसतो. प्रत्येक छेदात गाठीची कड आखावी लागते आणि दोन तज्ज्ञांनी आखलेल्या कडांत फरक पडला तर त्या फरकाचाही हिशेब ठेवावा लागतो. त्यानंतर समीकरण निवडून त्यातील वाढीचा वेग चित्रांवरून काढावयाचा असतो. शेवटी तिसरे चित्र बाजूला झाकून ठेवायचे, समीकरणाला भाकीत करू द्यायचे आणि मग झाकलेले चित्र उघडून ताडून पाहायचे. भाकीत चुकले तर समीकरण बदलायचे, चित्र बदलायचे नाही. परंपरेने सांगितले म्हणून न स्वीकारता स्वतः तपासून पाहावे, या कालामांना दिलेल्या उपदेशाशी परिचित असलेल्या वाचकांना ही रीत परकी वाटणार नाही.

मेंदूतील ग्लायोमा नावाच्या गाठीबाबत या रीतीचे महत्त्व विशेष जाणवते. ओल्या कापडावर पडलेला निळीचा थेंब जसा कडेने फिकट होत दूरवर पसरतो, तशा या गाठीच्या पेशी भोवतालच्या मेंदूत शिरतात. एमआरआयमध्ये दिसणारी कड ही थेंबाच्या गडद भागाची कड असते. विरळ पेशी तिच्या पलीकडेही असतात. अमेरिकेत गणिती जीवशास्त्रज्ञ जेम्स मरे आणि क्रिस्टिन स्वॉन्सन यांनी यासाठी जे प्रारूप विकसित केले, त्यात दोनच मुख्य संख्या आहेत : पेशी किती वेगाने वाढतात आणि किती वेगाने पसरतात. रुग्णागणिक या संख्या वेगळ्या असतात आणि त्या त्याच्याच प्रतिमांवरून काढता येतात. दिसणाऱ्या कडेपलीकडे काय आहे याचा अंदाज डॉक्टरांना मिळावा, हा या परिश्रमांचा हेतू आहे. हा अंदाजच असतो. तो डॉक्टरांच्या निर्णयाला साहाय्य करतो, त्याची जागा घेत नाही.

पीएच.डी.नंतरची वर्षे आणि डॉ. कमल रणदिवे

हे काम कोण करतात? बहुतांशी पीएच.डी.नंतरचे संशोधक, म्हणजे पोस्ट-डॉक्टरल संशोधक. आपल्याकडे पालक विचारतात, ‘तिशी आली तरी मुलगा अजून शिकतोच आहे काय?’ त्यांच्यासाठी खुलासा असा की ही पगारी नेमणूक असते, मात्र ती ठरावीक मुदतीची असते. या काळात संशोधक दुसऱ्या प्रयोगशाळेत, पुष्कळदा दुसऱ्या देशात जाऊन, स्वतःला येत नसलेले तंत्र आत्मसात करतो आणि परतून स्वतःची प्रयोगशाळा उभी करण्याची पात्रता मिळवितो.

महाराष्ट्रात याचे उत्तम उदाहरण म्हणजे डॉ. कमल रणदिवे. त्यांचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. शिक्षण हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. त्यांचे वडील दिनकर समर्थ तेथेच जीवशास्त्र शिकवीत. मुंबईत वि. रा. खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविली आणि त्यानंतरच्या संशोधनासाठी त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीराबाहेर काचपात्रात पेशी जिवंत ठेवून वाढविण्याचे तंत्र त्या तेथे शिकल्या. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. कर्कपेशींची वाढ भारतातच पाहता आणि मोजता येऊ लागली ती यामुळे. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण देण्यात आले.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविली पाहिजे. कमलताईंच्या घरात प्राध्यापक पिता होता, पुस्तके होती, मुलीने विज्ञान शिकावे असा आग्रह होता. त्यांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. परंतु आपल्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी कापूस-सोयाबीनच्या हंगामाचे वेळापत्रक असते, अभ्यासाचे नसते. त्यांच्यासाठी ते अभ्यासाचे घर वसतिगृहाने आणि निवासी शाळेने उभे केले. संध्याकाळचा दिवा, ठरलेली वेळ आणि शेजारी वाचत बसलेला सोबती या साध्या गोष्टींचे मोल संशोधनाच्या वाटेवर किती मोठे असते, हे माजी विद्यार्थी जाणतातच.

पुरावा कोणाच्या शरीराचा?

ज्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत कमलताई शिकल्या, तिच्याशी एका कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव कायमचे जोडले गेले आहे. हेन्रिएटा लॅक्स ही व्हर्जिनियातील तंबाखूच्या शेतांत कष्ट करीत वाढलेली स्त्री. १९५१ मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ती जॉन्स हॉपकिन्सच्या रुग्णालयात आली. तिच्या गाठीच्या पेशी तिला न विचारता घेण्यात आल्या. त्या गाय यांच्या प्रयोगशाळेत अखंड वाढत राहिल्या आणि ‘हेला’ या नावाने जगभर पोहोचल्या. पोलिओच्या लसीपासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत त्यांचा उपयोग झाला. हेन्रिएटा त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला वारली. तिच्या कुटुंबाला हे कळायला वीसहून अधिक वर्षे लागली. अखेर २०२३ मध्ये तिच्या वारसांची एका कंपनीशी तडजोड झाली.

या प्रश्नाची दुसरी बाजू आपल्या शेजारच्या मराठवाड्यात दिसते. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास टाटा स्मारक केंद्र, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून केला. त्याचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गटातील स्त्रियांची गर्भाशयमुखाच्या विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली, त्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. ज्या गटाला नेहमीचीच आरोग्यसेवा मिळाली, त्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४ मृत्यू झाले. एका तपासणीने एवढा फरक पडला. तपासणीविना ठेवलेल्या गटाबद्दल पुढे गंभीर नैतिक प्रश्नही विचारले गेले आणि ते विचारणे योग्यच होते. ज्ञान ग्रामीण, कष्टकरी स्त्रियांच्या शरीरावरून मिळाले असेल, तर त्याचा लाभ प्रथम त्यांच्या दारी गेला पाहिजे.

गणिती प्रारूपांना हाच नियम लागू पडतो. प्रारूप ज्यांच्या प्रतिमांवर घडले, त्यांच्यासाठी ते चांगले चालते. ज्या समाजाची माणसे तपासणीला येतच नाहीत किंवा गाठ फुटल्यावर येतात, त्यांचे पुराव्यांत फक्त शेवटचे पान नोंदले जाते. इतिहासात आपल्या पूर्वजांच्या बाबतीत जे घडले, तेच या नव्या दप्तरातही घडू नये. मोजले जाणे आणि मोजणारे होणे, दोन्ही आवश्यक आहे.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट तपासणीची. तिशीपुढील स्त्री-पुरुषांची तोंडाची, तसेच स्त्रियांच्या स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी शासकीय आरोग्य कार्यक्रमात समाविष्ट आहे. आशा कार्यकर्ती माहितीचा फॉर्म भरायला घरी आली, तर तिला टाळू नये. आपल्या विदर्भात खर्रा खाण्याचे व्यसन तरुणांत फार आहे. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, न भरणारी जखम, तोंड पुरते न उघडणे ही लक्षणे दिसायला कोणतेही यंत्र लागत नाही; आरसा आणि उजेड पुरतो. अशी खूण पंधरा दिवसांत गेली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी गोष्ट कागदपत्रांची. अकोला, नागपूर किंवा मुंबईला जाताना अनेक कुटुंबे जुनी फिल्म, सीडी आणि अहवाल घरी विसरतात किंवा हरवतात. वेग कळण्यासाठी दोन चित्रे लागतात, हे आपण वर पाहिले. जमिनीचा सातबारा जसा जपतो, तसे पहिले स्कॅन तारखेसह जपून ठेवावे. संशोधनासाठी संमतिपत्र पुढे आले, तर ते आपल्या भाषेत समजावून मागण्याचा आपल्याला हक्क आहे. समजल्याशिवाय सही वा अंगठा देऊ नये, आणि समजल्यावर निष्कारण भ्यायचेही कारण नाही.

तिसरी गोष्ट मुलांच्या वाटेची. दहावीनंतर वैद्यकीय प्रवेशाच्या ओढीने अनेक विद्यार्थी गणित सोडतात. ज्यांना या संशोधनाची आवड आहे, त्यांनी शक्य असेल तर बारावीपर्यंत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवावे. पुण्यातील आयसर, मुंबईतील आयआयटी अशा संस्थांतून विज्ञानाच्या किंवा अभियांत्रिकीच्या पदवीमार्गे पुढे पीएच.डी.पर्यंत जाता येते. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी पीएच.डी.करिता बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती आहे. अटी बदलत असतात, म्हणून त्या त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचावी. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले, तेव्हा त्यांच्या पुढे चालून गेलेले त्यांच्या समाजातले कोणी नव्हते. आपल्या मुलांची स्थिती तशी राहिलेली नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे प्रयोगशाळांत, रुग्णालयांत वा संगणकाच्या क्षेत्रात पोहोचले आहेत, त्यांना एक विनंती. वर्षातून एकदा शाळेत यावे, एक जुने स्कॅन सोबत आणावे आणि नववी-दहावीच्या मुलांकडून फळ्यावर त्या गाठीच्या घनफळाचे गणित करवून घ्यावे. व्यासाचा घन करण्याची रीत त्यांना पुस्तकातून येतेच. तो घन कशासाठी करावयाचा, हे त्यांना आपल्याच शाळेतून गेलेल्या माणसाकडून कळावे.